अर्गेन कुठल्या घोड्यावरून परत आला?

आत-बाशी, बुधवार, लोकर वाळत घातल्यावर

धाकट्या काकेनला थोरल्या उमसुनायचा गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सलाम. (गुडघ्याखालचा भाग सध्या माझं ऐकत नाही, त्याच्या वतीनं मी काही बोलणार नाही.) जनावरं सुखरूप? माणसं सुखरूप? तू बिश्केकात सहाव्या मजल्यावर राहतेस, तिथं कसली आलीत जनावरं, हे मला कळतं. पण जनावरांच्या आधी माणसांची चौकशी केली तर आपला बाप थडग्यात कूस बदलेल, म्हणून तुझ्या त्या बोक्याला जनावर धरलं आहे. त्याचं पोट आता कसं आहे? तुझा रक्तदाब? तुझी सून अजून चहात मीठ घालायला विसरते का? आमच्याकडे सगळं ठीक. लाल गाय व्याली, कालवड झाली, कपाळावर चांदणी आहे. दारचं सफरचंदाचं झाड यंदाही लवकर फुललं आणि गारठून बसलं. (दरवर्षी गारठतं, दरवर्षी फुलतं. अक्कल माझ्याइतकीच.)

पत्र का लिहिते, फोन का करत नाही, असं तू म्हणशील. फोनवर बोललं की जायना ऐकते. आणि जे सांगायचं आहे त्यात माझी एवढी शोभा झाली आहे की ते मोठ्यानं बोलवत नाही. कागद निदान फिदीफिदी हसत नाही. अक्षर लागलं नाही तर बोक्याला विचार. माझं शिक्षण चार इयत्तांचं. पाचवीच्या वर्षी मेंढ्या व्यायला लागल्या, त्या अजून व्यातायत.

तुला ठाऊक आहे, घरात आम्ही दोघीच. पोरगा आणि सून मॉस्कोला गेल्याला तीन वर्षं झाली, आणि त्यांच्या जायनाला पंधरावं लागलं. तेराव्या वर्षापासून पोरी बोलत नाहीत, दारं बोलतात. एक धाड म्हणजे भूक लागली. दोनदा धाडधाड म्हणजे चोंग-अपा, आजीबाई, तुला काही कळत नाही. आमचा सगळा संसार असा बिजागऱ्यांवर चालला होता. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी जमिनीवर अंथरायच्या नमद्यासाठी लोकर पिंजत बसले होते, ही कोपऱ्यात पुस्तक घेऊन. एकदम हंबरडा! माझ्या हातातली काडी उडाली. मला वाटलं मॉस्कोहून काही आलं. म्हटलं, "काय झालं गं, कोण गेलं?" तर म्हणते, "चोंग-अपा, अर्गेन दरीत पडला!" आता अर्गेन म्हणजे कोणाचा अर्गेन, हे न विचारता मी शाल घेतली, बूट चढवले, रडायला जायचं तर रिकाम्या हाती कसं जायचं म्हणून पिशवीत साखर भरली. दारापर्यंत गेल्यावर विचारलं, "कुठल्या गल्लीतला गं?" मग ती रडता रडता अशी हसली, काकेन, की वर्षभराचं हसू एकदम निघालं. अर्गेन पुस्तकातला होता.

म्हटलं, आता साखर बाहेर काढली आहेच, तर पहिल्यापासून सांग. तिनं सांगितलं नाही, वाचलं. चाळीस दिवस मी लोकर पिंजली आणि ती वाचत गेली. 'बर्फाखालची वाट' नाव आहे, बिश्केकमधल्याच कोणा पोरीनं लिहिलंय. दोन भाग संपले तेव्हा तीन नमदे झाले होते आणि घरातली दारं हातानं, सावकाश लागायला लागली होती.

आता शेरिनेचं सांगते. तुझी-माझी शेरिने म्हणजे आठ बाया, आळीपाळीनं एकेकीचं घर, पोट फुटेस्तोवर खाणं आणि जी आली नाही तिची निंदा. जायना आणि तिच्या सहा मैत्रिणींनी पुस्तकांची शेरिने केली आहे. जिची पाळी तिच्या घरी जमायचं, प्रत्येकीनं आपलं लाडकं पुस्तक रुमालात गुंडाळून आणायचं, सगळ्यांपुढे उघडायचं, आणि पोरींनो, हे वाचलं नाहीत तर जगून काय उपयोग, असं छातीवर हात ठेवून पटवायचं. अट एकच. शेवट सांगायचा नाही. शेवट सांगेल ती सगळ्यांची भांडी घासेल. आणि भिंतीवर एक यादी: कुठलं पुस्तक अजून यायचंय, कुठल्या महिन्यात येणार. आपला बाप तबेल्याच्या दारावर खडूनं लिहायचा ना, कुठली घोडी कधी व्यायची, अगदी तशी. पोरी त्या यादीकडे बघतात तेव्हा डोळेही बापासारखेच होतात.

आमच्या घरी पाळी आली तेव्हा मी चहा ओतायला म्हणून बसले ती उठलेच नाही. माझी मतं त्यांना आधी कडू लागली. म्हटलं, पोरींनो, तुमच्या सगळ्या पुस्तकांत आई-बाप दुसऱ्या पानावर मरतात, हे काय? सोळा वर्षांची पोर राज्य वाचवते, पण चारशे पानांत तिला कोणी एक पेला चहा विचारत नाही! राजपुत्राला तलवार येते, वीस जणांना लोळवतो, पण मेंढी सोलायला सांगा, उभा राहील खांबासारखा. यावर सेझिम (ती लांब वेणीची, वकील होणार आहे, आताच झाली आहे म्हणा) म्हणाली, "उमसुनाय-अपा, तुमचा चहा कडक, पण तुम्ही त्याहून कडक." आणि मला आठवी म्हणून घेतलं. काकेन, आपल्या बायांच्या शेरिनेत मी तीस वर्षं आहे, पण रुमाल हातात घेऊन छातीवर हात ठेवायला मला पहिल्यांदाच लाज वाटली नाही.

तर दुसऱ्या भागाच्या शेवटी काय होतं (हे तू कधी वाचणार नाहीस म्हणून सांगते, पण सेझिमला सांगू नकोस): अर्गेन आणि चिनारा बर्फातून खिंड ओलांडतायत, कमरेला एकच दोर, त्याचा पाय सुटतो, आपल्याबरोबर तीही ओढली जाईल म्हणून तो सुरी काढून दोर कापतो, आणि पुस्तक संपलं! पाहुण्याच्या तोंडापर्यंत घास न्यायचा आणि ताट उचलायचं, ही कुठली रीत? तिसरा भाग दोन वर्षांनी. पोरींना दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी दोन वर्षं म्हणजे पैज आहे. मी त्या पैजेपायी गोळ्या वेळेवर घ्यायला लागले. डॉक्टरीण म्हणाली, आजी, एकदम शहाणपण कसं सुचलं? तिला काय सांगू, एक पोरगा दरीत लटकलाय, त्याला तसा टाकून मला मरता येत नाही!

दर गुरुवारी मी मेलेल्यांच्या नावानं सात भाकऱ्या तळते, तशी तूही तळत असशीलच. (सहाव्या मजल्यावर वास बाहेर जातो का गं? आत्म्यांना जिने चढावे लागत असतील.) एकदा नावं घेताना जायना म्हणाली, "अर्गेनचंही घे की." मी तिच्या हातावर उलथणंच मारलं. म्हटलं, जित्या माणसाला मेलेल्यांच्या पंगतीत बसवू नये!

असो. मागच्या शुक्रवारी पुस्तक आलं. सात जणींत मिळून एकच प्रत, बिश्केकहून, बेयशेनच्या गाडीनं. (बेयशेन म्हणजे गाडीत वीस माणसं, दोन बोकडं आणि सगळ्या गावाची पार्सलं कोंबतो तो.) पोरी शाळेत, म्हणून घ्यायला मला पाठवलं. जायनानं निघताना तीनदा बजावलं, "उघडू नकोस हं!" मी खुदाची शपथ घेऊन सांगितलं की उघडणार नाही. आणि गाडीतळावरच्या बाकड्यावर बसून उघडलं.

शेवट आधी बघायची माझी खोड आहे, मान्य. घोडा घेताना आपण आधी दात बघतो की नाही? जीव लावायच्या आधी कळायला नको, किती दिवसांचा सोबती आहे? मी शेवटच्या पानांवर बोट ठेवलं. त्या दिवशी वारा असा होता की डोळ्यांतून नुसत्या धारा. शाळा सुटायच्या सुमाराला मी उठले आणि पाणवठ्याच्या नळापाशी बर्मेत भेटली, ती त्यांच्यातली सगळ्यात लहान. पार्सल फाडलेलं तिनं पाहिलं. "अपा, वाचलंत? तो..." एवढंच म्हणाली आणि बादली तशीच भरून वाहू दिली. आणि मी गावभर ऐकू जाईल असं ओरडले, "सुयुन्चू! सुयुन्चू! अर्गेन जिवंत आहे!"

मी सुयुन्चू कधी सोडत नाही, हे तुला माहीत आहे. चांगली बातमी जो आधी आणेल त्याला घरच्यांनी काहीतरी द्यायलाच हवं. तुझा मुलगा झाला तेव्हा तुझ्या सासूकडून मी मेंढी काढली होती. बर्मेतच्या आईला अर्गेन कोण हे माहीत नव्हतं, तरी सुयुन्चू म्हटल्यावर बाई काय करणार, डोक्याचा रुमाल सोडून दिला. मग मला थांबता येईना. सहा घरं फिरले. दुसऱ्या घरात मुरांब्याची बरणी. तिसऱ्यात लोकरी मोजे. सेझिमची आजी कुलूयपा, तिनं वाळक्या दह्याचा एक गोळा हातावर ठेवला, तोही गेल्या उन्हाळ्यातला, म्हणाली, "पुस्तकातल्या माणसाला एवढं पुष्कळ." प्रत्येक घरात बातमी जरा वाढत गेली, हे खरं. नुसतं जिवंत आहे एवढ्यावर कोणी मुरांबा देत नाही. कुठं तो घोड्यावरून परत आला, कुठं लग्न झालं, कुठं जुळे झाले. कुलूयपाकडे तर मी चिनाराची हरवलेली आईसुद्धा शोधून आणली. (आणि मिळाला काय, गोळा!)

घरी पोचले तेव्हा जायना दारातच. तोपर्यंत बातमी माझ्याहून पुढे पोचली होती. पोरीनं माझ्या काखेतून पुस्तक काढून घेतलं, फाटका कागद नीट गुंडाळला आणि म्हणाली, "दोन वर्षं, चोंग-अपा. मी पानापानानं तिथं जाणार होते." आणि खोलीत गेली. धाड नाही, काही नाही. दार हळूच लागलं. काकेन, हळू लागलेल्या दाराइतकं वाईट काही नसतं. दोन दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

रविवारी सेझिमच्या घरी शेरिने भरली, म्हणजे खटलाच. मला मानाच्या जागी बसवलं, दाराच्या समोर, वर उशी दिली. फाशीच्या आधी जेवू घालतात तसं. बर्मेत रडायला लागली, "मला शेवट कळला, आता मी काय वाचू?" दुसरी म्हणाली, "आणि पांढऱ्या घोड्यावरून आला हेही कळलं!" तिसरी म्हणाली, "पांढऱ्या? आमच्याकडे तर अपा म्हणाल्या तांबड्या!" "आमच्याकडे रेल्वेनं आला." "रेल्वे कुठून आली त्या खिंडीत?" सेझिम वेणी मागे टाकून उभी राहिली. म्हणाली, "एक मिनिट. जुळे कोणाकोणाला सांगितले?" दोघींनी हात वर केले. "मुलगे?" "मुली!" सेझिम माझ्याकडे वळली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "अपा, खरं सांगा, तुम्हाला ती बारीक अक्षरं लागली तरी का? तुम्ही काही वाचलंच नाहीत ना?"

मी मान खाली घातली. चार इयत्ता शिकलेल्या बाईनं आणखी काय करावं?

एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या! बर्मेतला तर उचकी लागली. म्हणजे शेवट अजून शाबूत! म्हातारीला काही कळलंच नाही! मला मिठ्या मारल्या, मुके घेतले. शिक्षा हलकी झाली: सात जणींची भांडी मी घासली, वाचायच्या पाळीच्या चिठ्ठ्यांत माझा नंबर शेवटचा, आणि तिसरा भाग मला कोणी मोठ्यानं वाचून दाखवायचा नाही. पहिली चिठ्ठी जायनाची निघाली. येताना वाटेत तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "चोंग-अपा, तू गाढव आहेस." मला इतकं बरं वाटलं.

तर असं माझं हसं झालं आहे. पोरं रस्त्यात मला पाहून "सुयुन्चू!" ओरडतात. पण माझं चांगलं चाललं आहे, काळजी करू नकोस, मला काहीही नको. सगळ्यांना सलाम, आणि बोक्याच्या पोटाला आराम पडो.

तुझी थोरली बहीण,
उमसुनाय

ता. क. काकेन, मला अक्षरं लागली होती. पान चारशे बारा. सकाळी अकराला गाडी आली, शाळा दोनला सुटते, मधला सगळा वेळ माझं बोट त्या दोन पानांवर होतं. दोनदा वाचलं, म्हणजे चूक नको. अर्गेन मेला आहे. वसंतात बर्फ वितळल्यावर चिनाराला त्याची टोपी सापडते, ती घरी आणून खुंटीला अडकवते, आणि पुस्तक संपतं. त्या दिवशी वाराबिरा काही नव्हता. मला कोणाच्याही घरी जायचं नव्हतं, पण बर्मेत बादली घेऊन समोर उभी. आपल्यात वाईट बातमी अशी नळावर देत नाहीत. चार वडीलधारे जमवतात, बसवतात, आधी चहा पाजतात, आडून आडून बोलतात. पुस्तकातल्या पोराच्या मरणासाठी मी गावातले कुठले चार म्हातारे गोळा करू? माझ्याच्यानं झालं नाही आणि तोंडातून सुयुन्चू निघून गेलं. मग बर्मेतच्या आधी बाकीची घरं गाठणं भाग होतं, नाही तर एवढी चांगली बातमी अपा एकाच घरी देऊन गप्प का बसल्या, असं कोणीही विचारलं असतं. आता रुमाल, मोजे, सगळं खोट्या बातमीवर मिळवलेलं. मुरांबा संपला. जायना काल दोनशेव्या पानावर होती. शनिवारपर्यंत ती चारशे बारावर पोचेल, तेव्हा मी या घरात नसावं हे बरं. म्हणून खरं सांगायचं तर पत्र एवढ्यासाठीच: शनिवारी मी बेयशेनच्या गाडीनं तुझ्याकडे येते, अंथरूण घालून ठेव. पंधरा दिवस पुरतील.

ता. क. दुसरा. गुरुवार. बेयशेनची गाडी बंद पडली आहे, म्हणून पत्र अजून इथंच. आज भाकऱ्या तळल्या. पाचवी तळताना नावं घेत होते: अब्बा, अम्मा, माझा म्हातारा, आणि त्याच्यामागून अगदी हळू, ओठांतल्या ओठांत, अर्गेन. तेलाच्या चरचरीत कोणाला ऐकू जाईल असं वाटलं होतं? मागे वळले तर जायना उभी, पुस्तकात बोट घातलेलं. म्हणाली, "कोणाचं नाव घेतलंस?" मी म्हटलं, शेजाऱ्यांच्या घोड्याचं. तिनं एक भाकरी उचलली, दुमडली आणि उभ्या उभ्या खाल्ली. मग खोलीत गेली. दार उघडंच ठेवलं.

ता. क. तिसरा. शनिवार. मी येत नाही, अंथरूण गुंडाळ. जायनानं काल शेवटपर्यंत वाचलं. डोळे सुजवून आली, स्वतः चहा ठेवला, माझ्यापुढे पेला सरकवला, पुस्तक रुमालात बांधलं आणि उद्या सेझिमला द्यायला म्हणून बाजूला ठेवलं. मग माझी लोकर पुढ्यात ओढून बसली आणि म्हणाली, "त्यांना मी काही सांगणार नाही. त्या पानापानानं जातील. पण चोंग-अपा, तो परत आला तो कुठल्या घोड्यावरून? नीट सांग. आणि जुळ्यांचं पहिल्यापासून." म्हणते, मी लिहून घेते, म्हणजे एकेक पोर चारशे बारावर पोचली की तिला लगेच पुढचं देता येईल, एक रात्रही कोणाला उपाशी ठेवायला नको.

आता काकेन, खरं काम. मी कुठल्या घरात काय सांगितलं ते मला काही आठवत नाही, आणि सेझिम एकेक शब्द तपासणार. रेल्वे मी काढून टाकली आहे. पण घोड्यांचं तुला माझ्याहून जास्त कळतं, अकरा वर्षं तू तबेल्यात होतीस. बर्फ असताना, पाय मोडलेला माणूस पाठीवर घेऊन, घोडा खिंडीच्या त्या बाजूनं आत-बाशीला किती दिवसांत येईल? पांढरा टिकेल की तांबडा? नालांचं काय करायचं? लगेच लिही. पत्र बेयशेनच्या हाती दे, पाकीट नीट चिकटव, नाही तर तो वाटेत वाचून नारीनपर्यंत सगळ्या गाडीला शेवट सांगेल. आणि वाट दोन दिवसांची असेल तर तीन लिही. मधे कोणाच्या तरी दारात त्याला थांबवायचा आहे. चारशे बारा पानं झाली, त्या पोराला अजून कोणी चहा विचारलेला नाही.